लग्नापुरता राखलेला डोळा

आमच्या दादाचे दोन्ही डोळे गेले ते एक गाडी बुटकी करण्याच्या नादात, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी हसतो. गाडी बुटकी कशाला करायची? मलाही ते कधी नीट कळलं नाही, आणि आता कळून उपयोगही नाही. पण खरं सांगायचं तर गाडीनं एकच डोळा नेला. दुसरा आमच्या घरानं घालवला. तोही भांडून नव्हे, तंटा करून नव्हे. चारचौघांच्या विचारानं, लग्नाच्या गडबडीत, हळदीच्या अंगानं घालवला.

कोरेगावात साताऱ्याच्या रस्त्याला आमचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढं कडुनिंब, आणि निंबाखाली कायम कुणाची तरी जीप नाहीतर ट्रॅक्टर पोट उघडं टाकून उभा. आमचं मूळ घर माणदेशातलं, मेंढरांचं. वडिलांनी काठी सोडून फौज धरली, फौजेच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करायला शिकले आणि पेन्शन घेऊन आले ते गावी न जाता इथंच राहिले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांच्या बोलण्यात निम्मे शब्द फौजेचे असायचे आणि घरात त्यांचा हुकूम चालायचा. दादा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मी त्याच्या पाठची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली, तोंडानं फटकळ. अजूनही तशीच आहे. ज्यांना सोसवत नाही ते माझ्याकडं येत नाहीत.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. बागायतीच्या पट्ट्यात उसाला पाणी आलं की पोरांना शिंगं फुटतात. सांगलीकडच्या एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा पाचगणीच्या बोर्डिंगात शिकून बाहेर पडला होता. त्याच्याकडं एक विलायती गाडी होती. हिरवी, दोनच माणसांची, वर कापडाचं छप्पर. कुणी गोरा साहेब पाचगणी सोडून जाताना ती मागं टाकून गेला आणि फिरत फिरत ती याच्याकडं आली. आमची आई ती पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "दोनच मानसं बसत्यात? मग पोरं कुठं बसवायची, डोक्यावर?" पण दादाला त्या गाडीचं वेड लागलं होतं. ट्रॅक्टर आणि जिपा बघून बघून कंटाळलेला तो, तिचं इंजिन उघडलं की तासन्‌तास नुसता बघत बसायचा.

त्या मुलाचा कुणी नातेवाईक परदेशात होता. त्यानं स्प्रिंगांचं पार्सल पाठवलं. या स्प्रिंगा मूळच्या स्प्रिंगांपेक्षा आखूड आणि ताठ. त्या घातल्या की गाडी चार बोटं खाली येते, वळणावर कलंडत नाही, रस्त्याला चिकटून पळते, असं तो मुलगा दादाला समजावून सांगत होता. मागच्या बाजूला वेढ्यांऐवजी पोलादी पट्ट्यांचे पाटे होते, तिथं लोखंडी ठोकळे बसवून ती बाजू दादानं आधीच उतरवली होती. राहिल्या होत्या पुढच्या दोन स्प्रिंगा. मी तेव्हाच म्हणाले होते, आपल्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एवढ्या खोल की मधल्या वरंब्यावर जीप घासते, आणि हे शहाणे गाडी खाली आणतायत. दादा हसून म्हणाला, "हौसेला मोल नसतंय गं." असेल. पण हौस एकाची आणि मोल दुसऱ्यानं द्यायचं, हे कुठल्या म्हणीत बसतं?

पार्सल आलं अष्टमीला आणि गाडी घेऊन तो आला खंडेनवमीला सकाळी. नेमका तोच दिवस.

आमच्याकडं खंडेनवमी म्हणजे आबांचा सण. आदल्या दिवशी सगळे पाने, हातोडे, पकडी रॉकेलमध्ये धुऊन पुसायच्या. भल्या सकाळी पाटांवर फडकी अंथरून त्या मांडायच्या. मधोमध जॅक, त्याच्याशेजारी जाड साखळी. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस विसावा, असं आबा म्हणायचे. फौजेतही त्या दिवशी शस्त्रं पूजेला मांडतात, तेव्हा हा नेम त्यांच्या लेखी देवाचाही होता आणि सरकारचाही. पूजा आटोपून ते आईला घेऊन औंधला यमाईच्या दर्शनाला गेले. जाताना दादाला बजावून गेले, "आज हत्यार हालता कामा न्हाई."

आणि तासाभरात ती हिरवी गाडी दारात. दसऱ्याला पाचगणीत त्याचे जुने शाळासोबती आपापल्या गाड्या घेऊन जमणार होते. पसरणीच्या घाटानं चढून जायचं आणि सगळ्यांना गाडी दाखवायची, एवढं त्याचं काम.

"मिस्त्री, आज झालंच पाहिजे," तो म्हणाला. "उद्या उजाडता निघायचंय मला."

"मालक, आज हत्याराला हात लावत न्हाई आमी. आबांचा नेम हाय."

"मग मी हे एवढं पार्सल घेऊन करू काय?"

दादानं त्या स्प्रिंगा हातात घेतल्या. नव्या कोऱ्या, गुळगुळीत रंग दिलेल्या. मी पायरीवर बसून झेंडूची तोरणं ओवत होते, मला त्याचं तोंड दिसत होतं. मालकाचा आग्रह हे नुसतं निमित्त होतं. दादाचेच हात शिवशिवत होते. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "गाडीच्या डिकीत गाडीचं स्वताचं पानं आसतील की. त्यांची कुठं पूजा झालीया?"

डिकीत पाने होते. जॅक नव्हता.

ती पुढची स्प्रिंग काढायची म्हणजे ती आधी दाबून धरावी लागते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस फेकून देईल एवढा जोर तिच्यात असतो. आबांची रीत अशी होती की खालून जॅकनं तोलून धरायचं, स्प्रिंगमधून साखळी ओवून ती अडकवून ठेवायची, आणि जॅक हळूहळू उतरवत स्प्रिंगला दमानं मोकळं होऊ द्यायचं. साखळी असली की स्प्रिंग निसटली तरी हातभर उडून थांबते. जॅक आणि साखळी दोन्ही दहा पावलांवर पाटावर होती, हळदकुंकू लावलेली. दादानं तिकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "तार, वासा आनि पोती. ही काय हत्यारं न्हवंत."

या वाक्यावर मी नंतर आयुष्यभर संतापत आले. नेम मोडायचाच होता तर सरळ मोडायचा होता. पूजेतली साखळी उचलायची, देवाला हात जोडायचे, चुकलं म्हणायचं. आमच्यात तसं नाही करत. आमच्यात नेम पाळायचा आणि त्यातूनच वाट काढायची, म्हणजे देवही राजी आणि मालकही राजी.

शेजारच्या आडतीतून घेवड्याची पोती आणली. सणाचे रिकामे बसलेले लोक जमलेच होते. गाडीच्या नाकावर गोधडी टाकून पोती रचली, त्या वजनानं जुन्या स्प्रिंगा दबल्या. दबलेल्या वेढ्यांना दादानं तारेनं करकचून आवळलं. पोती उतरवली, आठ-दहा जणांनी गाडी हातांनी उचलून दगडांवर ठेवली. स्प्रिंगा तारेत बांधलेल्या तशाच राहिल्या आणि दादानं नटबोल्ट सोडून त्या बाहेर घेतल्या. लोकांनी "वा रं गड्या!" केलं. नवी स्प्रिंग मग दगडावर उभी करून वर वासा ठेवला, वाशाचं एक टोक जोत्याखाली अडकवलं, दुसऱ्या टोकावर चार गडी बसले. ती दबली, तिला तार आवळली, तिच्या जागी बसवली, बोल्ट पिळले आणि तार सोडवून काढली. एक बाजू झाली. जॅकला हातही न लावता झाली. दादाच्या तोंडावरचं हसू मला आजही दिसतं आणि मला ते बघवत नाही.

दुसऱ्या बाजूसाठी नवी तार उरली नव्हती. तीच सोडवलेली तार सरळ करून त्यानं पुन्हा पिळली. एकदा पिळलेली तार दुसऱ्यांदा पिळली की आतून मोडायला येते, हे दादाला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण पहिली बाजू इतकी सहज झाली होती. स्प्रिंग जागेवर धरली, ती नीट बसली का बघायला तो खाली वाकला आणि चेहरा जवळ नेला.

आवाज फटाक्यासारखा झाला. मला वाटलं टायर फुटला, पण तुटली होती ती तार, आणि तिचं टोक उडालं होतं. दादा मागं बसलेला होता, दोन्ही हात उजव्या डोळ्यावर धरून, आणि बोटांतून रक्त येत होतं.  "आबांस्नी बोलवा," एवढंच म्हणाला. माझ्या मांडीवरची झेंडूची माळ मी ओलांडून पळाले का तुडवून पळाले ते आठवत नाही. गाडीचा मालक पाचगणीला जायचं विसरून भिंतीला टेकून उलट्या करत होता. तो वाईट माणूस नव्हता. पुढं दवाखान्यात फळं घेऊन आला, दादाच्या खाटेशेजारी उभा राहून रडला. पण त्याचे दोन्ही डोळे रडत होते, आणि मला ते सोसलं नाही. मी त्याला बाहेर जायला सांगितलं.

साताऱ्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून रेल्वेनं मिरजेला पाठवलं. आबा निरोप मिळताच औंधहून परस्पर स्टेशनवर आले, हातात प्रसादाची पुडी तशीच. डब्यात त्यांनी दादाला एकच गोष्ट विचारली.

"साखळी का न्हाई घेतलीस?"

"पूजेत हुती," दादा म्हणाला.

त्यानंतर आबांनी आमच्या घरात कुणालाही हुकूम सोडला नाही. मला आधी ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या घरात एकच माणूस निर्णय घेतो त्या घरात तो माणूस गप्प झाला की उरलेले नुसती बडबड करतात. पुढं जे झालं त्याचं मूळ मला या गप्प बसण्यात दिसतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळा शिवला. आठवड्यानं आबांना आणि मला समोर बसवून त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "या डोळ्यानं आता कधीच दिसणार नाही. तो काढून टाकायला हवा, आणि लवकर. फार तर आणखी आठवडाभर थांबता येईल."

"दिसत न्हाई तर न्हाई," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे की तसाच."

"ठेवला तर चांगल्या डोळ्याला धोका आहे. असा फुटलेला डोळा आत राहिला की शरीर त्याच्यावर उठतं, आणि मग चांगल्या डोळ्यालाही सोडत नाही. प्रत्येकाचं होतं असं नाही. पण झालं तर मग माझ्या हातात काही राहत नाही."

मी विचारलं, "काढला तर धोका टळतो?"

"वेळेत काढला तर टळतो."

इतकं सोपं होतं. पहिलीतल्या पोराला कळावं इतकं. आबा "जी साब" म्हणाले, घरी विचारून येतो म्हणाले, आणि आम्ही दादाला घेऊन कोरेगावला आलो.

आता लग्नाचं सांगायला हवं. श्रावणात दादाची सुपारी फुटली होती. मुलगी माणदेशातली, आमच्याच नात्यागोत्यातली. तिच्या घरी अजून मेंढरं होती, थोडी जिरायत होती. मुलगी आबांनी आणि चुलत्यांनी जाऊन पाहिली होती. दादा त्या दिवशी एका जिपेखाली होता. तेव्हा मुलानं मुलगी पाहिलीच पाहिजे असं काही नव्हतं. तो मला चोरून विचारायचा, "दिसायला कशी हाय म्हनत्यात गं?" मी म्हणायचे, "दोन डोळे आहेत, एक नाक आहे, तुझ्या नशिबानं तोंडही आहे." लग्न मार्गशीर्षात धरलं होतं, कारण पुढं पौष.

घरी सगळे बसले. आई, चुलते, चुलती, दादा स्वतः. आबा दाराशी बसले होते, बाहेर तोंड करून.

आई म्हणाली, "डोळा काढला तर खोबण दिसंल. लगीन मोडंल. एका डोळ्याच्या पोराला कोन पोरगी दील?"

"काचेचा बसवतात," मी म्हणाले.

"त्यो कवा बसायचा? जखम भरायची कवा? आनि लग्नात कुनी निरखून बघितलं तर? आसू दे तसाच. पांढरा पडला तरी डोळा हाय आसं तर दिसतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

चुलते म्हणाले, "आसं कितींदा हुतंय म्हनाला डागदर? समद्यांस्नी हुतंय का? न्हाई न्हवं? मग दोन म्हैन्यात काय आभाळ कोसळतंय?"

मी आबांकडं बघून ओरडले, की फौजेत डॉक्टरचा हुकूम मोडतात का, सांगा यांना. आबांनी मान वळवली नाही. चुलती म्हणाली, "पोरीच्या जातीनं एवढं बोलू नये." मी आणखी बोलले. जे जे येत होतं ते सगळं बोलले. शेवटी दादाच म्हणाला, "गप बस गं तू. माझा डोळा हाय. एवढं लगीन हुंदे, मग काढू."

एवढं लग्न होऊ दे. आमच्या मुलखात हे वाक्य म्हणजे लोखंडी फाटक आहे. घरात आजारी माणूस असो, भिंत खचलेली असो, कुणाचं मन फाटलेलं असो, सगळं त्या फाटकापाशी येऊन थांबतं. लग्न होऊन जातं, मग बघायचं काय उरलंय ते. दादालाही मी दोष द्यायला तयार नाही. पंचविशीचा पोरगा, आरशात पाहून घाबरलेला. त्याला बायको हवी होती. त्यात काय गुन्हा आहे?

मुलीकडं निरोप गेला की मुलाचे डोळे आलेत, उजेड सोसत नाही, बाकी सगळं ठीक. साताऱ्याहून काळा चष्मा आणला. आता गंमत बघा. ज्या गावच्या बाजारात कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तरी तिसऱ्या दुकानात कळतं, त्या गावात भरदिवसा, अर्धी आळी वाशावर बसलेली असताना, दादाचा डोळा फुटला होता. आणि आम्ही समजत होतो की आम्ही झाकलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण घरातल्या घरात सगळे इतक्या गंभीरपणे झाकत होते की झाकलं गेलंय यावर आमचाच विश्वास बसला.

लग्न मुलीच्या गावी लागलं. मी करवली. दादाच्या कपाळाला बाशिंग, मुंडावळ्या आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तिकडची पोरं "नवरदेव शिनिमातला हाय" म्हणून हसत होती आणि आई त्यांच्याबरोबर हसत होती. मला आईच्या त्या हसण्याची भीती वाटत होती. मुलीचे चुलते मेंढरं राखणारे, उंच, अंगावर घोंगडं. मांडवातून उतरताना उजव्या हाताला एक खोल पायरी होती. त्यांनी काही न बोलता पुढं होऊन दादाचा दंड धरला आणि त्याला ती उतरवली. मला वाटलं, नवरदेवाचा मान.

वहिनी घरी आली. सावळी, रुंद कपाळाची, चालताना पाय ठाम टाकणारी. बोलणं कमी. दादाला जेवायला वाढताना ताट सरळ समोर न ठेवता डाव्या अंगाला ठेवायची. पाण्याचा तांब्याही डावीकडं. आई मला म्हणाली, "ह्यांच्याकडची रीत आसंल." दादा तिच्यापुढं चष्मा काढत नव्हता. घरात, अंगणात, ऊन असो की नसो. दिवा मालवेपर्यंत चष्मा. तिला माहेरपणाला एकदा पाठवायची, तेवढ्यात मिरजेला जाऊन डोळा काढून यायचं आणि मग हळूच सांगायचं, असा घरचा बेत ठरला होता. मी रोज विचारायचे, कधी? आई म्हणायची, "नवी नवरी घरात, आत्ता नगं." लग्न झालं, मग सोळाव्या दिवसाचा विधी, मग देवदर्शन. फाटक पुढं पुढं सरकत होतं.

पौष लागला आणि दादाचा डावा डोळा लाल झाला. आधी तो म्हणाला धूळ गेली. मग उजेडाकडं बघवेना, पाणी यायला लागलं. एक दिवस गॅरेजात त्यानं पाना उचलायला हात घातला आणि पाना होता त्याच्या वीतभर अलीकडंच बोटं मिटली. त्यानं पुन्हा हात घातला. आबा समोर होते. ते उठले, पाना उचलून त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "मिरजंची गाडी कवा हाय बघ."

डॉक्टरांनी डोळा तपासला, मग आमच्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "लग्न झालं का?" म्हणजे त्यांना असली घरं नवीन नव्हती. फुटका डोळा काढला, आता काढून फारसा उपयोग नव्हता तरी काढला. डाव्या डोळ्यात सुया दिल्या, औषधं घातली. दादा रोज सकाळी खिडकीकडं तोंड करून सांगायचा, आज उजेड जास्ती हाय. मग सांगायचा, आज ढग हाय वाटतं. बाहेर लख्ख ऊन असायचं. महिनाअखेरीला त्यानं सांगायचंच सोडलं.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला रुग्णांच्या माणसांना स्वयंपाकासाठी एक पडवी होती. दुपारची वेळ होती. वहिनी स्टोव्हवर भात टाकत होती, मी कांदा चिरत होते. दादाला खाटेवर करमेना म्हणून त्याला आणून खांबाला टेकवून बसवलं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मान एका बाजूला कलली होती, आम्हाला वाटलं झोप लागली. मला त्या पोरीचं वाईट वाटत होतं, आणि मला वाईट वाटलं की मी बोलते. मी म्हणाले, "वहिनी, आमच्या घरानं तुला फसवलं. तुझ्या लग्नाआधीच त्याचा एक डोळा गेला होता."

तिनं भातावर झाकण ठेवलं. "मला ठावं हुतं, वन्सं."

"काय ठावं होतं?"

"डोळ्याचं. दिवाळीच्या आधीच. आमचं चुलतं मेंढरं घिऊन कोरेगावाकडं उतरलं हुतं, दर सालीच उतरत्यात. तुमच्या बाजारात च्या प्यायला बसलं तर समदा बाजार त्येच बोलत हुता. त्यांनी येऊन बाला सांगितलं. बानं मला इचारलं, मोडायचं का? म्या म्हनलं, नगं. मानूस कामाचा हाय म्हनत्यात. एका डोळ्यानं काय हुतंय? आमच्या कळपात एका डोळ्याचा बकरा हुता, त्यो समद्यांच्या म्होरं चालायचा."

मला कांद्याचं निमित्त होतं. मी म्हणाले, "मग बोलली का नाहीस गं बाई? एक अक्षर बोलायचं होतंस."

"कसं बोलायचं? तुमी समदी झाकत हुता. आल्या आल्या सासरच्या मानसांस्नी खाली बघाया लावायचं व्हय? बा बी म्हनला, त्यास्नी लाज वाटत आसंल, सांगतील आपुनच. म्या वाट बघत हुते." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "त्यो डोळा ठिवल्यानं ह्यो जातोय, ह्ये मला कुनी सांगितलं हुतं, वन्सं?"

  जिच्यासाठी तो मेलेला डोळा आम्ही दोन महिने जपला, तिला तो नकोच होता. तिनं आम्हाला विचारलं नाही आमची अब्रू राखायला, आणि आम्ही तिला सांगितलं नाही आमची अब्रू राखायला. दोन्ही घरांची अब्रू शाबूत होती.

खांबाकडून दादाचा आवाज आला. तो झोपला नव्हता.

"म्हंजी तुला ठावं हुतं?"

"व्हय," वहिनी म्हणाली.

 त्याचा हात पट्टीकडं गेला आणि तिथंच थांबला, चष्मा काढायला जायचा तसा.

"मग मी चष्मा काढला आसता तरी चाललं आसतं," तो म्हणाला. "तुला एकदा उजेडात बघून घेतली आसती."